टाकीतली हवा कुठल्या गावची?

मुलांनो, पुण्याला समुद्र नाही, हे काही मी तुम्हाला सांगायला नको. मुळा आहे, मुठा आहे, खडकवासल्याचं धरण आहे. पण समुद्र बघायचा तर घाट उतरावा लागतो. आपलं गाव समुद्रसपाटीपासून चांगलं ५६० मीटर उंचावर! आणि तरीही याच गावात समुद्राच्या तळाशी जायचे धडे मिळतात, असं सांगितलं तर?

माझी भाची आठवीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत मालवणला जाऊन पाठीला हवेची टाकी बांधायची आणि पाण्याखालचे मासे बघायचे, असं तिनं जूनमध्येच ठरवून टाकलं होतं. ताई म्हणाली, "आधी पुण्यात नीट शिक, मगच समुद्रात जा. आणि मामाला बरोबर ने."

मामा म्हणजे मी. मी लहानपणी टिळक तलावावर पाठीला पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकलो. तेव्हा पुण्यातली निम्मी मुलं अशीच शिकायची. डब्यातली हवा आम्हाला वर तरंगत ठेवायची. आता भाची पाठीला हवा बांधून खाली जाणार होती. काळ बदलतो तो असा!

मी हो म्हटलं खरं, पण मनात एक जुनी गोष्ट सलत होती. फार वर्षांपूर्वी मीही एकदा अशी टाकी बांधून पाण्यात उतरलो होतो. कुठे ते सोडा. वीस मिनिटं मजेत गेली. वर आलो तर डोकं ठणकतंय, मळमळतंय, पाय लटपटतायत. सगळे हसले. "पुणेकराला बोट लागली!" मीही हसलो आणि लिंबू चोखत बसलो. आपल्याला नेमकं काय झालं होतं, असा विचार तेव्हा माझ्या डोक्यातही आला नाही.

ऑक्सिजन नव्हे, हवा!

एका रविवारी सकाळी आम्ही कोथरूडमधल्या एका पोहण्याच्या तलावावर पोचलो. शिकवणारे काका सैन्यात पाणबुड्याचं काम केलेले. पांढऱ्या मिशा, ताठ कणा आणि आवाज असा की तलावाच्या पलीकडच्या काठावरचा मुलगाही दचकावा.

"ही काय आहे?" टाकीवर थाप मारून त्यांनी विचारलं.

"ऑक्सिजनची टाकी," भाची म्हणाली.

"चूक! सगळे असंच म्हणतात. यात साधी हवा आहे. तू आत्ता नाकानं घेते आहेस तीच. ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन आणि बाकी किरकोळ. नुसता शुद्ध ऑक्सिजन घेऊन सहा मीटरच्या खाली गेलीस, तर तोच विषासारखा वागायला लागतो."

काकांनी हिशेब मांडला. टाकीत पाणी भरलं तर मावेल १२ लिटर. पण हवा भरतात ती २०० पट दाबून. म्हणजे १२ गुणिले २००, झाली २४०० लिटर हवा. एका लिटर हवेचं वजन साधारण सव्वा ग्रॅम. म्हणजे या टाकीत नुसती हवाच जवळजवळ तीन किलो भरते!

"तीन किलो हवा?" भाचीचे डोळे विस्फारले. मग तिनं जो प्रश्न विचारला, त्यामुळे आमचे पुढचे चार रविवार फिरण्यात गेले. ती म्हणाली, "काका, पण ही हवा आणता कुठून?"

काका मिशीत हसले. "अगं, हवा कुणी आणत नाही. जिथे यंत्र चालतं, तिथलीच हवा टाकीत जाते. ही पौड रस्त्याची हवा आहे! चल, दाखवतो."

गच्चीवरचा पाइप

पौड रस्त्याच्या आतल्या एका गल्लीत काकांची टाक्या भरायची खोली आहे. मध्यभागी फ्रिजएवढं एक यंत्र होतं, कॉम्प्रेसर. पुण्याला हे यंत्र काही नवीन नाही, बरं का! हडपसरची किर्लोस्कर न्यूमॅटिक कंपनी १९५८ साली सुरू झाली, ती कॉम्प्रेसर बनवण्यासाठीच प्रसिद्ध आहे. पण कारखान्यात यंत्रं चालवायला लागणारी हवा वेगळी आणि माणसाच्या फुप्फुसात जाणारी वेगळी. पहिलीत थोडं तेल असलं तरी चालून जातं. दुसरीत अजिबात चालत नाही.

"सायकलला पंपानं हवा भरली आहेस ना? पंप गरम होतो की नाही?"

"होतो! हाताला चटका बसतो."

"तेच इथे होतं. हवा दाबली की तापते. म्हणून एकदम न दाबता तीन-चार टप्प्यांत दाबायची आणि प्रत्येक टप्प्यानंतर थंड करायची. यंत्राच्या आत वंगणाचं तेल असतं. यंत्र फार तापलं तर ते तेल आतल्या आत जळायला लागतं. आणि अर्धवट जळालं की तयार होतो कार्बन मोनॉक्साइड."

हे नाव तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचलं असेल. या वायूला रंग नाही, वास नाही, चव नाही. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेतं, पण ऑक्सिजनपेक्षा या वायूला ते दोनशेपटींहून जास्त घट्ट धरतं. बसमध्ये एखाद्यानं सगळ्या जागांवर रुमाल टाकून ठेवावेत तसंच हे. बस धावते आहे, पण ऑक्सिजनला बसायला जागाच नाही!

यंत्रातून एक जाड पाइप निघून भिंतीतून वर गेला होता. आम्ही त्याच्या मागोमाग जिना चढून थेट गच्चीवर पोचलो. तिथे पाइपाचं तोंड एका उंच खांबावर बांधलेलं होतं, रस्त्याच्या उलट्या बाजूला.

"ही माझ्या टाक्यांची नाकपुडी," काका म्हणाले. "खाली रस्त्यावर ठेवली असती तर रिक्षांचा धूर ओढला असता. समोरच्या इमारतीत जनरेटर आहे. वीज गेली आणि तो सुरू झाला, की मी कॉम्प्रेसर बंद करतो. टाकी भरायला उशीर झाला तरी चालेल."

खाली आल्यावर त्यांनी गाळणीचं नळकांडं उघडून दाखवलं. आत थरावर थर. आधी पाणी शोषणारे बारीक मणी. मग तेल आणि वास पकडणारा कोळसा. आणि एक काळपट चुरा, त्याचं नाव हॉपकलाइट. मॅंगनीज डायऑक्साइड आणि कॉपर ऑक्साइड यांचं हे मिश्रण. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स आणि कॅलिफोर्निया या दोन विद्यापीठांतल्या शास्त्रज्ञांनी ते तयार केलं, म्हणून दोन्ही नावं जोडून हॉप-कल-आइट! हा चुरा कार्बन मोनॉक्साइडचं रूपांतर कार्बन डायऑक्साइडमध्ये करतो. पण त्याचा एक हट्ट आहे. तो ओला झाला की काम बंद.

"आणि पुण्याचा जुलै तुम्हाला माहीत आहे," काका म्हणाले. "कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. ती दमट हवा दाबली की पिळलेल्या फडक्यासारखं तिच्यातून पाणी सुटतं. ते वेळच्या वेळी काढून टाकावं लागतं. गाळणी किती तास वापरली, ते वहीत लिहावं लागतं. वही नसेल तर गाळणी जिवंत आहे की मेली, हे कळायचं कसं? शिवाय पोलादी टाकीत पाणी राहिलं तर ती आतून गंजते. गंज चढताना आतला ऑक्सिजन वापरला जातो. म्हणजे टाकी भरलेली, पण हवा हलकी पडलेली!"

भाचीनं टाकीच्या खांद्यावरून बोट फिरवलं. तिथे काही अंक कोरलेले होते. टाकीला पाण्याच्या दाबाची चाचणी कधी दिली, त्याची ती तारीख. आपल्या देशात अशा सिलिंडरांच्या सुरक्षिततेवर देखरेख करणारी जी सरकारी संस्था आहे, तिचं मुख्य कार्यालय आपल्या महाराष्ट्रातच, नागपूरला आहे.

दोन शूर माणसं आणि एक चूक

मग काकांनी एक खरी गोष्ट सांगितली. ज्याक कुस्तो हे नाव तुम्ही ऐकलं असेल. फ्रान्सच्या या नौदल अधिकाऱ्यानं १९४३ साली एमिल गान्यां या इंजिनिअरबरोबर पाण्याखाली श्वास घ्यायचं नवं साधन तयार केलं. आज जगभरचे पाणबुडे वापरतात, ती साधनं त्याचीच नातवंडं-पतवंडं.

१९४६ च्या ऑगस्टमध्ये कुस्तो आणि त्याचा मित्र फ्रेडरिक ड्युमास फ्रान्समधल्या व्होक्लूझ नावाच्या एका अतिखोल झऱ्यात उतरले. एक दोर वरपर्यंत होता. खाली काळोख. बरंच खोल गेल्यावर दोघांची डोकी चालेनाशी झाली. काय करायचं ठरलं होतं तेच आठवेना. ड्युमास अर्धवट बेशुद्ध झाला. कुस्तो त्याला कसाबसा ओढत होता आणि शेवटी वरच्या सोबत्यांनी दोर खेचला, म्हणून दोघे वाचले.

"गुहेत काही होतं का?" भाचीनं श्वास रोखून विचारलं.

"सगळ्यांना तसंच वाटलं. पण नंतर टाक्यांतली हवा तपासली, तर तिच्यात दोन हजारांत एक भाग कार्बन मोनॉक्साइड! त्यांचा नवा कॉम्प्रेसर आपल्याच इंजिनाचा धूर परत आत ओढत होता. भुतं गुहेत नव्हती पोरी, ती टाकीतूनच आली होती."

आणि पाण्याखाली हे विष वाढतं कसं, तेही ऐका. समुद्रात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. दहा मीटरवर दाब दुप्पट, तीस मीटरवर चौपट. म्हणजे एका श्वासात हवा दुप्पट-चौपट जाते आणि तिच्यात जे काही वाईट असेल, तेही तितकंच पट जातं. कुस्तो पन्नास मीटरवर होता, तिथे सहापट! म्हणूनच युरोपातल्या नियमांत पाणबुड्यांच्या हवेत कार्बन मोनॉक्साइड दहा लाखांत पाच भागांपेक्षा जास्त चालत नाही.

यातली सगळ्यात फसवी गोष्ट पुढेच आहे. खोल पाण्यात ऑक्सिजनही जास्त दाबानं मिळत असतो, म्हणून माणसाला तिथे कदाचित काहीच जाणवत नाही. वर यायला लागलं की तो जादा ऑक्सिजन कमी होतो, पण कार्बन मोनॉक्साइड मात्र रक्ताला चिकटून राहतो. मग डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते. एखाद्याची शुद्धही हरपते, तीही पाण्यातच.

मी गप्प झालो. डोकं, मळमळ, लटपटणारे पाय. ती बोट लागली होती की आणखी काही? आता कोण सांगणार!

पावतीवरचा आकडा

घरी जाताना कर्वे रस्त्यावर सिग्नलला थांबलो. पुढे-मागे स्कूटरच स्कूटर. भाचीनं ओढणी नाकाला लावली आणि म्हणाली, "मामा, तुझ्या स्कूटरमधूनही तोच वायू येतो?"

डिकीत पीयूसीची पावती होती. ती काढून पाहिली. कार्बन मोनॉक्साइड, ०.५ टक्के. स्कूटर पास! मी खूश. पण भाचीनं वहीत गणित मांडलं. एक टक्का म्हणजे दहा लाखांत दहा हजार भाग. तर अर्धा टक्का म्हणजे पाच हजार. पाणबुड्यांच्या हवेतली मर्यादा फक्त पाच. म्हणजे माझ्या 'पास' झालेल्या स्कूटरच्या नळीतला धूर त्या मर्यादेच्या हजारपट! नळीबाहेर पडल्यावर तो मोकळ्या हवेत पसरून पातळ होतो, म्हणून आपण सिग्नलला उभे तरी राहू शकतो. पण त्या नळीजवळ कुणी कॉम्प्रेसरची नाकपुडी ठेवली तर?

पुढच्या रविवारी पहाटे आम्ही पर्वती चढलो. १०३ पायऱ्या. दिवाळीआधीचा गारठा पडायला लागला होता. वरून पाहिलं तर गावावर एक करडी साय धरलेली. घरांची टोकं वर, बाकी सगळं तिच्याखाली. थंडीत रात्री जमीन लवकर गार होते, तिच्याजवळची हवाही गार आणि जड होते. वर उबदार हवेचं झाकण बसतं. मग चुलींचा, गाड्यांचा, जाळलेल्या कचऱ्याचा धूर झाकणाखालीच अडकतो. ऊन तापलं की झाकण उघडतं.

"म्हणजे टाकी भरायची तर अशा सकाळी नको," भाची म्हणाली. मला हे सुचलं नव्हतं.

तिथून पाषाणला गेलो. तिथे उष्णदेशीय हवामानाचा अभ्यास करणारी मोठी संस्था आहे, १९६२ साली स्थापन झालेली. आपण तिला आयआयटीएम म्हणतो. तिथल्या शास्त्रज्ञांनी 'सफर' नावाची व्यवस्था उभी केली. आधी २०१० मध्ये दिल्लीत आणि मग २०१३ मध्ये आपल्या पुण्यात. शहराची हवा मोजायची आणि पुढचा अंदाज द्यायचा, हे तिचं काम. आमचा रविवार, त्यामुळे फाटक बंद. पण भाची बाहेर उभी राहून बराच वेळ आत बघत होती. आपल्याकडे मोकळ्या हवेतल्या कार्बन मोनॉक्साइडला मर्यादा आहे, एका तासासाठी घनमीटरमागे ४ मिलिग्रॅम. म्हणजे दहा लाखांत साधारण साडेतीन भाग. पाणबुड्यांच्या पाचच्या अगदी शेजारचा आकडा! "म्हणजे मामा," ती म्हणाली, "गावची हवा चांगली असेल तर टाकीचं निम्मं काम आधीच झालेलं असतं."

मालवण

दिवाळीत स्वारगेटहून रात्रीची एसटी धरली आणि सकाळी मालवण. समोर सिंधुदुर्ग, शिवाजी महाराजांनी १६६४ साली बांधायला घेतलेला जलदुर्ग. भाचीच्या खिशात वही होती. काकांनी सांगितलेले चार प्रश्न तिनं लिहून घेतले होते. हवा कुठून ओढता? गाळणी कधी बदलली, वही दाखवाल का? हवा कधी तपासली? टाकीवरची चाचणीची तारीख कुठली?

आम्ही जिथे पैसे भरले होते, तिथे कॉम्प्रेसर किनाऱ्यावरच, माडाखाली धडधडत होता. पेट्रोलच्या इंजिनावर चालणारा. आणि हवा ओढणारं तोंड इंजिनाच्या धुराड्यापासून जेमतेम दोन हातांवर! वारा धुराड्याकडून तिकडेच येत होता.

भाचीनं विचारलं. तो माणूस हसून म्हणाला, "बाळ, ही समुद्राची हवा. पुण्यासारखी नाय, एकदम शुद्ध!" गाळणीची वही? ती नव्हती.

बोट तयार. दहा-बारा माणसं चढून बसलेली. "चला ना, उशीर होतोय," कुणीतरी ओरडलं. पैसे परत मिळणार नव्हते. खरं सांगतो मुलांनो, माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, "जाऊ दे गं, एवढं काही होत नाही." मोठी माणसं असंच म्हणतात. मीही वर्षानुवर्षं तेच म्हणत आलो होतो.

भाचीचा चेहरा लाल झाला होता. डोळ्यांत पाणी. पाच महिने ज्याची वाट पाहिली, ते समोर होतं. तरी ती म्हणाली, "मामा, मला या टाकीनं नाही जायचं."

बोट गेली. आम्ही वाळूत बसून राहिलो. पैसे बुडाले. दुपारी बोट परत आली. सगळे हसत उतरले. एकाचं डोकं मात्र दुखत होतं. ऊन लागलं होतं, बोट लागली होती की टाकीतली हवा, कुणास ठाऊक! तो लिंबू चोखत बसला. मी त्याच्याकडे बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी शोधत-शोधत दुसरीकडे गेलो. तिथे पाइपाचं तोंड उंच बांबूवर, वाऱ्याच्या बाजूला आणि इंजिनापासून बरंच लांब. भाचीनं प्रश्न विचारल्यावर तिथल्या दादांना राग आला नाही, उलट त्यांनी वही काढून पुढ्यात ठेवली. हातात मावेल असं एक यंत्र टाकीच्या तोंडाशी धरलं. आकडा आला, शून्य.

"असं विचारणारी पोरं फार येत नाहीत," ते म्हणाले. "यायला पाहिजेत."

भाची आठ मीटर खाली गेली. वर आली तेव्हा अर्धा तास नुसती बडबडत होती. पट्ट्यापट्ट्यांचे मासे, प्रवाळ, वाळूत लपलेला खेकडा! डोकं दुखतंय का, असं मी तीनदा विचारलं. तिसऱ्या वेळी ती वैतागली.

पुण्यात परतल्यावर पुन्हा कर्वे रस्ता, पुन्हा तोच सिग्नल. आकडे उलटे मोजत होते, पंचाऐंशी, चौऱ्याऐंशी... मागून तिनं माझ्या खांद्यावर टकटक केलं.

"मामा, गाडी बंद कर ना. हीच हवा काकांच्या गच्चीवर जाते."

मी किल्ली फिरवली.